भुकेल्या घोडीला किती द्यावं

माझ्या थोरल्या बहिणीला शहरातले सगळे गाडीवान टेपवाली म्हणतात. आपल्याला ते नाव आवडत नाही असं ती सांगते, पण कोणी तशी हाक मारली की लगेच वळून बघते. धंद्याने ती शिलाईवाली. शाळेचे गणवेश, दवाखान्याचे पडदे, उशांचे अभ्रे, सगळं चाळीस वर्षं एकाच मशीनवर शिवत आली आहे. नाव मात्र पडलं ते घोड्यांमुळे. माणसाला मापायची टेप दीडशे सेंटिमीटरची असते आणि धडधाकट घोड्याची छाती तेवढ्यात मावत नाही, म्हणून तिने दोन टेपा एकमेकींना शिवून टाकल्या. ही जोडटेप कायम तिच्या गळ्यात लोंबत असते. माझ्या मुलाच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे, नव्या कपड्यांवर, सगळ्यांच्या मधोमध.

मी तिचा धाकटा भाऊ. तेहतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो. निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत बायको गेली. ताईने मला काही विचारलं नाही. रिक्षा घेऊन आली, माझी वळकटी आणि दोन बॅगा उचलल्या आणि दुकानामागच्या खोलीत नेऊन टाकल्या. मला घोड्यांची आवड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घोडा हा प्राणी लांबून चांगला. जवळ गेलं की तो आपल्या पायावर पाय देतो आणि वर आपल्याकडेच असं बघतो की चूक आपलीच.

दुकानाच्या मागे पूर्वी लाकडाची वखार होती. ती बंद पडल्यावर मालकाने ताईला सांगितलं, भिंत पडेपर्यंत वापरा. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, भिंत अजून उभी आहे. जिथे फळ्या रचून ठेवायचे तिथे आता घोडे उभे असतात. कधी तीन, कधी सात. लंगडे, म्हातारे, एका डोळ्याने आंधळे, मालकाने रस्त्यावर सोडून दिलेले. प्रत्येकाच्या खणावर एक काळी पाटी, आणि तिच्यावर कपड्यावर खुणा करायच्या चपट्या खडूने लिहिलेलं छातीचं माप. रोज सकाळी ताई दुकान उघडायच्या आधी एकेकाच्या पुढच्या पायांमागून टेप फिरवते, आकडा लिहिते आणि मगच चहा पिते. ती म्हणते, डोळा फसतो. रोज बघणाऱ्याला घोडा रोज सारखाच दिसतो, म्हणून टेप.

हे सगळं सुरू झालं ते दुकानासमोरच्या चढावर. फरश्यांनी भरलेली गाडी ओढताना एक तपकिरी घोडा तिथे कोसळला होता. गाडीवान चाबूक चालवत होता आणि लोक कडेला उभे राहून सल्ले देत होते. ताई कात्री हातात घेऊनच बाहेर आली आणि तिने त्याच्या साजाचे पट्टे कापून टाकले. नंतर तिने गाडीवानाला सगळा साज नवा शिवून दिला, पण घोडा परत दिला नाही. आमच्या घरात ही गोष्ट पुढे अशी सांगतात की हाडांचा सापळा झालेल्या त्या घोड्याला ताईने आपल्या हातांनी पोटभर खाऊ घातलं आणि चौथ्या दिवशी तो समाधानाने गेला. म्हातारा होता, काय करणार.

त्यानंतर तिने एक पद्धत बसवली. मंगळवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी ती दाभण, मेणाचा दोरा आणि जाड कापडाचे तुकडे घेऊन गाडीतळावर जाऊन बसते आणि गाडीवानांचे साज फुकट दुरुस्त करून देते. उपदेश नाही, फलक नाही, घोषणा नाही. साज शिवायचा तर घोड्याच्या अंगावरून उतरवावा लागतो, आणि तो उतरवला की खालची जखम दिसते. मग ती मान वर न करता शिवता शिवता म्हणते, "इथे अस्तर लावलंय. पण तीन दिवस याला जुंपू नकोस, नाहीतर पुढच्या मंगळवारी तुझाच शर्ट शिवणार नाही." गाडीवान हसतात, कुरकुरतात आणि बहुतेक वेळा ऐकतात. गाडीतळावर पाण्याचा हौद आणि वर पत्र्याची सावली आहे, तीही तिच्यामुळेच. त्यासाठी ती नगरपालिकेत अकरा वेळा गेली. अकराव्या वेळी साहेबांनी तिला दारात बघितलं आणि बसा म्हणायच्या आधी सही केली.

मी तिच्याकडे राहायला आलो त्याच्या तिसऱ्या महिन्यात ती पांढरी घोडी आली.

तिचा मालक एक म्हातारा गाडीवान. चांगला माणूस, दर महिन्याला साज दाखवायला आणायचा. लागोपाठ दोन महिने तो आला नाही, तेव्हा ताईच्या मनात पाल चुकचुकली. चौकशी केली तर कळलं की तो पडला, मांडीचं हाड मोडलं आणि दवाखान्यात आहे. घोडीची जबाबदारी त्याने चुलतभावावर टाकली होती. चुलतभावाने ती एका बंद गोदामामागे बांधली, सुरुवातीला काही दिवस चारा टाकला आणि मग विसरला. आम्ही तिला बघितलं तेव्हा ती दोरीच्या टोकाला मान खाली घालून उभी होती. बरगड्या मोजता येत होत्या. दोरी जिथपर्यंत पोचत होती तिथपर्यंतच्या लाकडी कुंपणाच्या फळ्या तिने कुरतडून खाल्ल्या होत्या. मी चुलतभावाला जे काही बोललो ते इथे लिहिता येणार नाही. ताईने टेप फिरवली आणि पहिल्यांदाच मला दिसलं की जोडटेपेची गरज नव्हती, साधी एकच टेप पुरली असती.

घरी आणल्यावर ताईने मला समोर बसवून नियम सांगितला, लहान मुलाला सांगतात तसा.

"दर चार तासांनी अर्धा किलो लसूणघास. तराजूवर तोलून. बास. चंदी अजिबात नाही."

लसूणघास हा साधा चारा, आणि चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. पत्र्याच्या पेटीत भरून ठेवलेला असतो.

"अगं, एवढ्याने काय होणार तिचं? मांजरसुद्धा याहून जास्त खातं."

"म्हणून तर सांगतेय. पोटभर दिलं तर मरेल. महिनाभर हात आखडता घ्यायचा. पाटीवर प्रत्येक वेळेचं लिहायचं. कळलं का, कंडक्टर?"

मला कंडक्टर म्हणाली की विषय संपला असं समजायचं.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला अजूनही लाज वाटते. माझ्या बायकोचे शेवटचे दोन महिने तिला घास जात नव्हता. मी वाटी घेऊन तिच्या उशाशी बसायचो, एक चमचा, फक्त एक, अशी विनवणी करायचो. तिने माझ्यासाठी म्हणून घेतला तर तो बाहेर यायचा. जिला नको होतं तिला मी भरवत राहिलो. आणि इथे ही घोडी. मी दिसलो की कान पुढे करायची, ओठांनी माझी बाही चाचपायची. अर्धा किलो चारा दोन मिनिटांत संपवायची आणि मग रिकाम्या जमिनीवर नाक फिरवत राहायची. मी दुपारी एकटाच तिच्यासमोर बसलेलो असायचो. ताई दुकानात.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पेटी उघडली आणि डबाभर चंदी तिच्यापुढे धरली. तिने डबा इतका साफ चाटला की मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी मला कोणाला तरी काहीतरी दिल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी पुन्हा दिली. पाचव्या दिवशीही. पाटीवर मात्र मी इमानदारीने लिहीत होतो: लसूणघास, अर्धा किलो.

सहाव्या दिवशी सकाळी ताईने हाक मारली. घोडी आडवी पडली होती. मांड्यांचं कातडं थरथरत होतं. उठायला पुढचे पाय टाकायची आणि ते तिच्याखाली कापडासारखे दुमडायचे.

जनावरांची डॉक्टरीण अर्ध्या तासात आली. उंच, शांत बाई, घाईने काही करत नाही. तिने डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग खणावरची पाटी वाचली.

"हे बरोबर आहे ना? एवढंच दिलंय?"

"एवढंच," ताई म्हणाली. "तोलून."

"मग पोटाचं काही वाटत नाही. ताकदच संपली आहे हिची. साखरेचं सलाईन लावते. संध्याकाळपर्यंत उभी राहिली तर ठीक. नाही राहिली, तर तिला असं तडफडत ठेवण्यात अर्थ नाही. इंजेक्शन देऊन मोकळं करावं लागेल."

डॉक्टरीणबाईंनी बाटली टांगली. मी खणाच्या दाराशी उभा होतो. तेहतीस वर्षांत मी विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखायचो. तो खिडकीबाहेर बघतो, उगाच खोकतो, रुमाल काढतो. मी त्या क्षणी रुमाल काढून उभा होतो. मनात म्हणत होतो, तीन डब्यांनी काय होणार आहे? आता सांगून तरी काय उपयोग? ताई मला पुन्हा कधी या दाराच्या आत येऊ देणार नाही. मुलगा परदेशात, आणि मला दुसरं जायला घर नव्हतं.

सुई घोडीच्या मानेला टेकली आणि मी बोललो.

"थांबा. मी चंदी दिलीय तिला."

डॉक्टरीणबाईंचा हात जागच्या जागी थांबला. "किती?"

"डबाभर. रोज दुपारी. तीन दिवस."

"पाटीवर नाही."

"नाही लिहिलं."

त्यांनी सुई मागे घेतली, बाटली खाली उतरवली आणि पहिल्यांदा घाई केली. गाडीतून दुसऱ्या बाटल्या आणल्या. त्या जोडता जोडता त्यांनी मला सांगितलं. रागावून नाही, पण एकही शब्द मऊ न करता. उपाशी शरीर आपलंच मांस जाळून कसंबसं चालत असतं. त्यात एकदम दाण्याची साखर आली की रक्तातले क्षार सगळे तिच्यामागे पेशींमध्ये ओढले जातात आणि हृदयाला, स्नायूंना काही उरत नाही. लक्षणं दिसतात अशक्तपणाची, म्हणून माणूस आणखी साखर देतो.

"हे लावलं असतं तर मीच मारली असती तिला," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोललात हे बरं केलंत. आधी बोलायला हवं होतंत."

मी ताईकडे बघितलं नाही. ती उठून बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. पण ती भुशाची दोन पोती ओढत परत आली आणि म्हणाली, "बघत काय उभा राहिलास? पलीकडून धर."

घोडी आडवी पडून राहिली की तिच्याच वजनाने तिची फुप्फुसं दबतात. तिला छातीवर बसतं ठेवावं लागतं. एका बाजूला पोती लावली आणि दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं बहीणभाऊ तिच्या अंगाला पाठ लावून जमिनीवर बसलो. सलाईन थेंब थेंब उतरत होतं. दर दोन तासांनी डॉक्टरीणबाई आणि आम्ही मिळून तिची कूस बदलायचो. त्या दिवशी ताईने दुकान उघडलंच नाही. बाहेर कोणीतरी गणवेश न्यायला आलं, दार वाजवून वाजवून गेलं.

दुपारी कधीतरी मी म्हणालो, "ताई, बोल काहीतरी. शिव्या दे."

ती म्हणाली, "पहिला घोडा कसा गेला, माहितीय तुला?"

"म्हातारा होता."

"नऊ वर्षांचा होता. दातांवरून कळतं. मी त्याला बादलीभर दाणा घातला. वर पाव घातले. शेजारपाजारच्यांनी गाजरं आणली, साखर आणली, सगळे कौतुक करत होते माझं. चौथ्या दिवशी असाच थरथरायला लागला." तिने टेपेचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला नंतर कळलं. पुस्तक वाचून. तोवर घरात सगळे म्हणायला लागले होते, समाधानाने गेला. मी कोणाला दुरुस्त केलं नाही."

तेवीस वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. मला वाटायचं की रोज सकाळी टेप फिरवणं, तोलणं, लिहिणं हा तिचा स्वभावच, शिलाईवाल्यांचा काटेकोरपणा. मी तिची टिंगल करत आलो. त्या क्षणी मला इतकं गलबलून आलं की मी तिचा हात धरला. हात वगैरे धरणाऱ्यांतले आम्ही नव्हे. तिने काढून घेतला नाही.

"मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी गप्प राहिले," ती म्हणाली. "तुलाही कोणी विचारलं नव्हतं."

चार वाजत आले होते. घोडीने मान उचलली. मला पाठीला जाणवलं, तिचा श्वास बदलला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाजूला व्हा, हात लावू नका. तिने पुढचे दोन्ही पाय समोर टाकले, जोर केला आणि धपकन बसली. पुन्हा केला, पुन्हा बसली. तिसऱ्यांदा ती इतका वेळ थांबली की मला वाटलं, आता सोडून दिलं तिने. मग एकदम मागचा भाग वर उचलला, सगळं अंग झोकांड्या खात डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, आणि ती उभी राहिली. पाय फाकवून, डोकं खाली, पण चारी खुरांवर. मी रडलो. डॉक्टरीणबाईंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, भुसा उडतोय फार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने पत्र्याच्या पेटीला कुलूप लावलं. बरोबरच होतं, मी मान खाली घातली. तर तिने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"आजपासून सगळ्यांचं खाणं तुझ्याकडे. सातही खण."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"आहे. आता या शहरात तुझ्याइतका दाण्याला भिणारा दुसरा माणूस नाही. मीसुद्धा नाही, माझं भय जुनं झालंय. आणि पाटीवर जे दिलंस ते लिही. चुकलास तर चूक लिही."

मी तोलायला लागलो. पहिल्या दिवशी प्रत्येक जुडी मी दोनदा तोलली. घोडी पूर्वीसारखीच बाही चाचपायची आणि मी तिला सांगायचो, चार तासांनी. जास्त न देणं हे देण्यापेक्षा किती जड असतं ते मला तिने शिकवलं. बारा दिवसांनी टेप पहिल्यांदा एक सेंटिमीटर पुढे गेली. मी ताईला तीन वेळा मोजायला लावलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "आता पुरे, नाहीतर घोडीला वाटेल आपल्याला कोट शिवतायत."

बाविसाव्या दिवशी दुपारी तिचा मालक आला. दवाखान्यातून तसाच, काठी टेकत, रिक्षातून. त्याला ताईने निरोप पाठवून जेमतेम तेवढंच कळवलं होतं की घोडी आमच्याकडे आहे. तो खणाच्या दारात आला, त्याने तिच्या पाठीचा कणा बघितला, बरगड्या बघितल्या, आणि त्याच्या हातातली काठी खाली पडली.

"पोरी," तो म्हणाला. "काय झालं हे तुझं."

तिने कान टवकारले आणि ती खिंकाळली. इतक्या दिवसांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. म्हातारा भिंतीला धरून धरून तिच्यापर्यंत गेला, तिच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला. मग मागे वळला आणि खांद्यावरून पिशवी उतरवायला लागला. पिशवीत तोबरा होता, घोड्याच्या तोंडाला बांधायची थैली, आणि तो काठोकाठ चंदीने भरलेला. दवाखान्यातून निघाल्यावर घरी जायच्या आधी तो बाजारात थांबला होता.

"आधी खाऊ दे हिला," तो म्हणाला. "पोटभर खाऊ दे एकदा."

ताई दुकानात होती. मी एकटाच होतो. मी पुढे होऊन तोबऱ्यावर हात ठेवला.

"नका देऊ."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच्या चुलतभावापेक्षाही वाईट ठरलो. "माझी घोडी आहे ती. उपाशी ठेवली तुम्ही लोकांनी हिला. सोडा."

"भाऊ," मी म्हणालो, "मी दिली होती. तुमच्यासारखंच वाटलं मला. तीन दिवस दिली, चोरून. तुमची घोडी माझ्या हातून मरत होती."

एवढं म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं. पाटी, सुई, पोती, चार वाजता ती कशी उठली ते. त्याने मला मध्ये तोडलं नाही. कुठल्या तरी वाक्याला त्याची पकड सैल झाली आणि तोबरा माझ्या हातात आला. तो खणाच्या कोपऱ्यात उलट्या बादलीवर बसला.

"मग मी तिला काय देऊ?" त्याने विचारलं. "मी तिला आता काहीच द्यायचं नाही?"

तिच्या खाण्याची वेळ व्हायला दहा मिनिटं होती. मी तराजू आणला, त्याच्यासमोर लसूणघास तोलला, दोन काड्या जास्त झाल्या त्या काढल्या, आणि जुडी त्याच्या हातात दिली. त्याने ती घोडीपुढे टाकली नाही. एकेक काडी काढून, हातावर धरून, तिला भरवत राहिला, आणि रोज दोन मिनिटांत संपणारा अर्धा किलो चारा त्या दोघांनी अर्धा तास पुरवला.